सरपणाची मोळी आणि चांगल्या हेतूचा हिशेब

मागच्या वर्षी पावसाळा सरत असताना एका जुम्याच्या नमाजनंतर आमच्या जमाअतीतील एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. चिंचपाडा स्टेशनच्या बाजूला त्यांचे चहा-भज्यांचे लहानसे हॉटेल आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. डोंगराकडच्या एका पाड्यावरची एक आदिवासी बाई गेली सात-आठ वर्षे त्यांच्या भट्टीसाठी सरपणाची मोळी आणून देत असे. आठवड्यातून तीन वेळा, पहाटे उठून, डोक्यावर ओझे घेऊन ती दोन तास चालत यायची. चाचांना कोणीतरी सांगितले होते की हे लाकूड राखीव वनातले आहे, म्हणजे सरकारी मालकीचे आहे, म्हणजे चोरीचे आहे. मग अशा लाकडावर तळलेली भजी विकून आलेला पैसा हलाल कसा?

"मौलाना, ही मोळी घेणं जायज आहे का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी पाच मिनिटांत उत्तर दिले. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना तो विकत घेणे नाजायज आहे. शिवाय ज्या देशात आपण राहतो त्याचा कायदा हा आपण मान्य केलेला करार आहे, आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. चाचांनी दुसऱ्या दिवशी गॅसची शेगडी आणली. एका मुसलमानाची कमाई आपल्यामुळे स्वच्छ झाली, या विचाराने मला समाधान वाटले, हे येथे लपवत नाही.

थंडीत चाचा पुन्हा भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ती बाई मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर बारडोलीकडे गेली होती. सातवीत शिकणारी मुलगीही तिने बरोबर नेली होती, कारण धाकट्याला फडाच्या कडेला सांभाळायला कोणीतरी हवे. चाचा म्हणाले, "मोळी बंद झाली म्हणूनच गेली, असं मी म्हणत नाही, मौलाना. पण इतक्या वर्षांत ती कधी गेली नव्हती."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. हेतू चांगला असेल, कृतीही नियमाला धरून असेल आणि तरीही तिच्यामुळे एखाद्या निरपराधाचे नुकसान झाले, तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा? हा प्रश्न माझ्या एका उत्तरापुरता असता तर मासिकाची पाने त्यावर खर्ची घातली नसती. परंतु जंगल आणि वन्यप्राणी वाचवण्यासाठी आपल्या देशात झालेल्या कायद्यांकडे पाहिले की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर तो घराघरांत राहतो.

आपल्याकडे या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. सहीह बुखारीतील पहिली हदीस प्रत्येक मदरशातील मुलाला पाठ असते: कर्मांचा आधार नियतीवर, म्हणजे मनातील संकल्पावर आहे. ती ऐकवून आपण मोकळे होतो. पण ही हदीस अल्लाहकडे मिळणाऱ्या मोबदल्याविषयी आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क तिने कोठेही रद्द केलेला नाही. सूरह निसाची ९२ वी आयत पाहा. एका ईमानवंताच्या हातून दुसऱ्याचा चुकून मृत्यू झाला तर काय करावे, हे तेथे सांगितले आहे. मारण्याचा हेतू नव्हता हे अल्लाहला पूर्ण ठाऊक आहे. म्हणून बदला नाही. तरीही एक गुलाम मुक्त करायचा आहे, वारसांना दियत म्हणजे रक्तमूल्य द्यायचे आहे, वारसांनी ते स्वखुशीने सोडले तर गोष्ट वेगळी. आणि गुलाम मुक्त करण्याची ऐपत नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे आहेत. हेतूने गुन्ह्याचे स्वरूप बदलले, भरपाई मात्र जागच्या जागी राहिली.

फिकहच्या ग्रंथांत याचा विस्तार फार बारकाईने केलेला आहे. हनफी फकीहांनी विहिरीचे उदाहरण घेतले आहे. विहीर खोदणे हे पुण्यकर्म. लोकांना पाणी मिळावे हाच त्यामागचा विचार. परंतु कोणी ती रहदारीच्या वाटेवर परवानगीविना खोदली आणि रात्री एखादा वाटसरू तीत पडून मेला, तर खोदणाऱ्यावर दियत येते. त्याने त्या माणसाला पाहिलेही नव्हते, तरीही येते. आणि ही दियत बहुधा त्या एकट्याच्या खिशातून जात नाही; ती त्याच्या आकिलावर, म्हणजे त्याच्यामागे उभ्या असणाऱ्या भाऊबंदांच्या समूहावर विभागली जाते. विद्यार्थिदशेत हा आकिलाचा नियम मला कालबाह्य वाटत असे. कबिले गेले, आता याचा काय उपयोग, असे मी उस्तादांना विचारलेही होते. ते फक्त हसले होते.

आता आमच्या रानाकडे येऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. येथे दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत आणि आमचा नवापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. रानाला 'राखीव' हे विशेषण लावले ते इंग्रजांनी, १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने. त्यांना लाकडाचा महसूल हवा होता. तेथे चांगल्या हेतूचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांविषयी, कारण ते करणाऱ्यांना खरोखरच जंगल आणि प्राणी वाचवायचे होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम घ्या किंवा १९८० चा वन संवर्धन अधिनियम घ्या. १९८० पूर्वी राज्य सरकारे धरणे, खाणी, वसाहती यांसाठी वनजमीन सढळ हाताने देत होती. नव्या कायद्याने बजावले की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय वनजमीन वनेतर कामाला देता येणार नाही. हा कायदा नसता तर आज उरले आहे तेवढे रानही उरले नसते, असे मला वाटते.

पण त्याच तरतुदीने आणखी एक दार बंद केले, ज्याकडे बहुधा कोणाचे लक्ष नव्हते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने वनजमिनीवरील जुनी वहिवाट नियमित करण्याचे निर्णय घेतले होते. ते काम अपुरे असतानाच नवा कायदा आला आणि राज्याचा हात थांबला. आजोबांपासून तोच तुकडा कसणारा माणूस कागदावर अतिक्रमण करणारा राहिला. त्याने विहीर खणायची नाही, बांध घालायचा नाही, बँकेने त्याला कर्ज द्यायचे नाही. पेरणीच्या वेळी दंड भरायचा, कधी पावती मिळायची, कधी नाही. ज्याला उद्याची खात्री नाही तो जमिनीत झाड कशाला लावील? रान वाचवण्यासाठी झालेल्या कायद्याने रानात राहणाऱ्या माणसाला रानाचा परका करून टाकले.

३ मे २००२ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून नियमित होऊ न शकणारी अतिक्रमणे त्याच वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत हटवण्यास सांगितले. देशभर झोपड्या पडल्या, उभी पिके तुडवली गेली. त्यातून जो असंतोष उसळला त्याचे फळ म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. या कायद्याच्या प्रास्ताविकात संसदेने स्वतःच मान्य केले आहे की वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. एखाद्या राष्ट्राच्या विधिमंडळाने असे लिहून ठेवणे ही सामान्य गोष्ट नाही. मला त्यात दियतीच्या कबुलीसारखे काहीतरी दिसते. आणि गंमत अशी की दंडाच्या ज्या पावत्या एकेकाळी गुन्ह्याची खूण होत्या, त्याच लोकांनी आता वहिवाटीचा पुरावा म्हणून दाव्याला जोडल्या. ज्याने मुकाट्याने दंड भरून पावती घेतली तो वाचला. ज्याच्याकडून पावतीविना पैसे घेतले गेले त्याच्या हाती काहीच उरले नाही.

अन्याय दूर करणाऱ्या या कायद्याचीही एक कड बोचरी निघाली. आदिवासी कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा आधार द्यावा लागतो. १९३० पासून आपण याच रानात राहत होतो हे गवंड्याने, धनगराने किंवा रानाच्या कडेला वसलेल्या एखाद्या गरीब मुसलमान कुटुंबाने कशावरून सिद्ध करायचे? आदिवासींच्या जमिनीवर बाहेरचे लोक डल्ला मारतील ही भीती खरी होती, म्हणून ही अट आली. हेतू येथेही चांगलाच होता. पुढे १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत पाड्यापाड्यांवर कशी झोप लागली असेल, याची कल्पना शहरातील वाचकांना येणे कठीण आहे.

कायद्याचा उलटा परिणाम पाहायला रानातही जावे लागत नाही. खासगी जमिनीवरील झाडे वाचावीत म्हणून महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, खैर, मोह, आंबा आणि आमच्या गावाच्या नावात बसलेली चिंचसुद्धा त्याच्या यादीत आहे. ही झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परिणाम काय झाला? बांधावर आपोआप उगवलेले सागाचे रोप वीतभर असतानाच उपटून टाकणारे शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. "मोठं झालं की ते माझं राहत नाही," असे त्यातील एकाने मला सांगितले. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे दान लिहिले जाते, ही हदीस ज्याने ऐकली आहे त्याला ते उपटलेले रोप पाहून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. हे आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका दुर्मिळ सुतारपक्ष्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तो पक्षी जुन्या पाइन वृक्षांत घर करतो. आपल्या झाडांवर तो आला तर जमिनीवर निर्बंध येतील या धास्तीने तेथील काही जमीनमालकांनी झाडे जुनी होण्याआधीच तोडून विकली, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पक्ष्यासाठी केलेल्या कायद्याने पक्ष्याचेच घर गेले.

एक उदाहरण आपल्या स्वतःच्या घरातले आहे, म्हणून ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी, अस्वलवाले आणि मुस्लिम मदारी यांची नावे आहेत. उत्तर भारतात त्यांच्यासारख्यांना कलंदर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या अस्वल नाचवून, माकडाचे खेळ करून या लोकांनी पोट भरले. १९७२ च्या कायद्याने अस्वल पकडणे गुन्हा ठरवले. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी वापरण्यास बंदी केली.

मी त्या खेळाचा कैवार घेणार नाही. पिलाच्या नाकाडात तापलेली सुई घालून त्यातून दोर ओवणे हा जुलूम आहे, आणि तो करणाऱ्याचे नाव मुसलमानी असल्याने त्याचा रंग बदलत नाही. मांजरीला उपाशी कोंडणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. एका अन्सारीच्या बागेत उंटाने डोळ्यांत पाणी आणले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि मालकाला बोलावून जनावराच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले. तेव्हा बंदी योग्यच होती. पण बंदी घालणाऱ्या कागदावर हे कोठेही नव्हते की उद्या सकाळी हा माणूस काय खाईल. ज्याला दुसरा धंदा ठाऊक नाही, शाळेचा दाखला नाही, राहण्याचा पत्ता नाही, त्याने अस्वल सोडून द्यायचे म्हणजे काय करायचे? बरीच वर्षे झाले ते असे की अस्वल रस्त्यावर दिसेनासे झाले तरी झोपडीमागे बांधलेलेच राहिले. म्हणजे जनावराचीही सुटका झाली नाही. पुढे वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. अस्वल स्वखुशीने देणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल आणि मुलांच्या शिक्षणाला मदत, असा मार्ग निघाला, आणि डिसेंबर २००९ मध्ये देशातील शेवटचे नाचणारे अस्वल ताब्यात आल्याचे जाहीर झाले. नुसत्या कायद्याला जे पस्तीस वर्षांत जमले नाही ते भरपाईची जोड मिळाल्यावर जमले. येथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. या दरवेशांना आपण आपल्या सफमध्ये उभे करतो, पण आपल्या मुलीच्या स्थळाचा विचार करताना ते आपल्याला आठवतात का? असो, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

इस्लामला राखीव रानाची कल्पना नवी नाही. तिला हिमा म्हणतात. अज्ञानकाळात बलवान सरदार चांगला चारा असलेली जमीन स्वतःच्या कळपांसाठी अडवून ठेवत. प्रेषितांनी (स.) ही प्रथा मोडली: हिमा केवळ अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठी, म्हणजे सार्वजनिक हितासाठीच असू शकते. मदीनेजवळचे नकीअ हे कुरण त्यांनी घोड्यांसाठी राखले. मदीनेच्या हरममध्ये झाडे तोडण्यास व शिकार करण्यास मनाई केली. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात रबजा आणि सरफ येथील कुरणे राखली गेली. त्या कुरणावर त्यांनी हुनय्य नावाच्या आपल्या माणसाला नेमले आणि त्याला जी ताकीद दिली ती सहीह बुखारीत आली आहे. मदरशात मी ती वाचली होती, पण वनरक्षकाच्या नेमणुकीचे आदेशपत्र म्हणून ती कधी वाचली नव्हती.

त्या ताकिदीचा आशय असा. लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या शापाला भी, कारण तो कबूल होतो. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या जनावरांना मात्र आत सोडू नकोस. त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेते आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दारात येईल आणि अमीरुल मोमिनीन म्हणून हाक मारील. त्याला मी वाऱ्यावर सोडू शकेन का? पाणी आणि गवत देणे मला सोने-चांदी देण्यापेक्षा सोपे आहे. आणि पुढे जे आहे ते वाचून मी थबकलो. हजरत उमर (रजि.) म्हणतात की या लोकांना मी त्यांच्यावर अन्याय केला असे वाटते, ही भूमी त्यांचीच आहे, अज्ञानकाळात ते तिच्यासाठी लढले आणि तिच्यावर असतानाच त्यांनी इस्लाम स्वीकारला, अल्लाहच्या मार्गातील स्वारीची जनावरे नसती तर मी यांची वीतभरही जमीन राखली नसती.

यात काय नाही? राखीव कुरण ठेवण्याचा निर्धार आहे. त्याचा भार कोणावर पडेल याचा आगाऊ अंदाज आहे. भूमी मुळात कोणाची, याची स्पष्ट कबुली आहे. ज्यांना आत येऊ द्यायचे नाही ते कोण, तर स्वर्गाची शुभवार्ता मिळालेले दोन थोर सहाबी. आणि ज्यांना येऊ द्यायचे ते दोन-चार शेळ्यांचे धनी. आज आमच्याकडे उलटे चित्र दिसते. धरणाला, खाणीला, महामार्गाला वनजमीन लागली तर प्रस्ताव जातो, पैसे भरले जातात, कोठेतरी पर्यायी वनीकरण दाखवले जाते आणि परवानगी मिळते. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईसाठी असा कोणताही प्रस्तावाचा नमुना नाही. यात दोष त्या वनरक्षकाचा नाही. तोही कमी पगारात, एकटाच, काठीच्या बळावर मैलोगणती रान सांभाळतो आणि लाकूडचोरांच्या कुऱ्हाडीला तोंड देतो. ज्याने त्याला नेमले त्याने हुनय्यला दिलेली ताकीद त्याला दिलेली नाही, इतकेच.

मला माहीत आहे की काही वाचक येथे विचारतील: मग कायदा मोडायला मोकळीक समजायची का? मुळीच नाही. रात्री ट्रक भरून खैर आणि साग नेणारा माणूस चोर आहे, तो कोणत्याही जमातीचा असो, आणि त्याच्याकडून स्वस्तात लाकूड घेऊन दरवाजे घडवणाऱ्याने नमाज पहिल्या सफमध्ये पढली तरी त्याला जाब द्यावा लागेल. प्रश्न कायदा पाळायचा की नाही हा नाही. त्याच्या पालनाची किंमत नेमकी कोणाच्या ताटातून जाते आणि ती भरून देण्याची जबाबदारी कोणाची, हा आहे. येथेच मला उस्तादांच्या त्या हसण्याचा अर्थ लागला. रान राखल्याने पाऊस, नदी, हवा यांचा लाभ सुरतेच्या कारखानदारापासून मुंबईच्या नोकरदारापर्यंत सर्वांना होतो. मग त्याची दियत एकट्या पाड्याने का भरावी? आकिला आपण सगळे आहोत. शासन एका बाबतीत हे मानते: वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर त्याच्या वारसांना मिळणारी रक्कम २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाख करण्यात आली आणि नंतर २५ लाख. अक्कलकुवा-तळोद्याकडून बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात तेव्हा निदान एवढा तरी आधार असतो. पण ज्याचा माणूस मेला नाही, फक्त चूल विझली, त्याचे खाते कोणी उघडलेले नाही.

सूरह अंबियात (आयत ७८-७९) हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्या एका निवाड्याचा उल्लेख आहे. काही लोकांच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक उद्ध्वस्त झाले. भाष्यकारांनी तपशील दिला आहे की हजरत दाऊद (अ.) यांनी नुकसानीच्या बदल्यात मेंढ्या शेतकऱ्याला देऊन टाकल्या. हिशेबाने ते बरोबरच होते. हजरत सुलैमान (अ.) यांनी सुचवले की मेंढ्यांचे दूध-लोकर तोवर शेतकऱ्याने घ्यावे आणि मेंढपाळाने शेत कसून पूर्ववत करून द्यावे, मग ज्याचे त्याला परत. पहिल्या निवाड्यात एकाचे नुकसान भरून निघत होते आणि दुसरा कायमचा कंगाल होत होता. दुसऱ्यात दोघेही उभे राहत होते. कुरआनने समज सुलैमान (अ.) यांना दिल्याचे सांगितले, पण लगेच हेही सांगितले की विवेक आणि ज्ञान दोघांनाही दिले होते. बरोबर निवाडा आणि अधिक बरोबर निवाडा यांतले हे अंतर आमच्या कायदेमंडळांनी जसे शिकायला हवे तसे माझ्यासारख्या मिंबरवर बसणाऱ्यानेही.

कारण माझ्या उत्तराची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. चाचांच्या भेटीनंतर मी उस्तादांना फोन केला. त्यांनी मला फतवा दिला नाही, प्रश्न विचारले. लाकूड ओले होते की वाळलेले? कुऱ्हाडीने तोडलेले की खाली पडलेले वेचलेले? त्या पाड्याचा त्या रानावर काही हक्क आहे का? त्या बाईला तू काही विचारलेस का? एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यांनी ती हदीस आठवून दिली, ज्यात एका साथीदार माणसांच्या घोळक्यात, तो प्रवासात असताना, डोक्याला जखम झालेल्याला आंघोळीची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, तयम्मुमची सवलत मला आहे का? त्यांनी नियमावर बोट ठेवून नाही म्हटले. त्याने आंघोळ केली आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा ते फार संतापले, सोबत्यांनीच त्याला मारले, असे म्हणाले, आणि ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, अज्ञानाचे औषध विचारणे हेच आहे, असे त्यांनी सांगितले. त्या सोबत्यांचा हेतू काय वाईट होता?

मग मी वनहक्क कायदा मिळवून वाचला. तो मराठीत सहज मिळतो. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपत्त्याबरोबर झुडपी काटक्या आणि खुंटही आहेत. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत उपजीविकेच्या गरजेत जास्तीचे उत्पादन विकणेही धरले आहे. चौकशीअंती कळले की त्या पाड्याच्या ग्रामसभेचा सामूहिक दावा दाखल आहे, आणि ती बाई वाळलेल्या काटक्याच आणत असे. चाचांनी सांगितले की तिच्या मोळीत हिरवे लाकूड त्यांनी कधी पाहिले नव्हते. म्हणजे चोरीचा जो पाया धरून मी उत्तर दिले होते तोच कच्चा होता. आणि सर्वांत लाजेची गोष्ट ही की त्याआधी दोनच जुमे मी खुतब्यात श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी बोललो होतो, आणि हदीस कोणती सांगितली होती? हातात दोर घेऊन रानातून सरपणाची मोळी पाठीवर वाहून आणावी आणि विकावी, हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगले आहे, ही.

मी चाचांना माझी चूक सांगितली आणि पुढच्या जुम्याला मिंबरवरूनही सांगितली. चाचांनी मागची मातीची भट्टी अजून मोडलेली नाही. तिच्यावर पत्रा झाकून ठेवला आहे. आम्ही दोघे शाळेत जाऊन आलो. मुलीचे नाव पटावर आहे, असे गुरुजी म्हणाले; टोळी परतली की तिला पाठवा, मागचा अभ्यास आम्ही भरून घेऊ. वह्या-पुस्तकांचा आणि वर्षभराच्या कपड्यांचा खर्च माझ्याकडे आहे, तो मी दान म्हणून लिहिलेला नाही. उचल किती आहे ते अजून कळलेले नाही. टोळी उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत येते. ती बाई आली की तिला नेमके काय सांगायचे, हे मी आणि चाचा अनेकदा बोललो आहोत. तिला फतवा ठाऊक नाही, मी ठाऊक नाही. हॉटेलात गॅस आला आणि मोळी नको झाली, एवढेच तिला माहीत आहे.